‘पेशी सीसीआर४ व्यक्त करतात’: अर्थ आणि वापर

प्रश्न : त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमावरील (टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींच्या त्वचेत दिसणाऱ्या कर्करोगावरील) लेखात ‘कर्करोगाच्या पेशी सीसीआर४ हा केमोकाइन ग्राही व्यक्त करतात’ असे वाक्य आले आहे. येथे ‘व्यक्त करणे’ याचा अर्थ काय, आणि दुसरा शब्द योग्य ठरेल का?

उत्तर १ : केमोकाइन हे पेशींनी स्रवलेले लहान प्रथिन असते. त्याचे प्रमाण ज्या दिशेला वाढत जाते त्या दिशेला पांढऱ्या पेशी सरकतात, आणि ते ओळखणारे पेशीपृष्ठावरील प्रथिन म्हणजे ग्राही. ‘एक्स्प्रेशन’ हा शब्द मात्र दोन टप्प्यांना लावला जातो : जनुकावरून संदेशवाहक आरएनए तयार होणे आणि त्यावरून बनलेले प्रथिन पेशीत प्रत्यक्ष असणे. पहिल्या अर्थी ‘जनुकाची अभिव्यक्ती’ हा प्रयोग रुळलेला आहे आणि तो बदलू नये. त्वचेचा तुकडा प्रतिपिंडांनी रंगवून किंवा रक्तातील पेशी फ्लो सायटोमेट्रीने (एकेक पेशी लेझर किरणांनी तपासण्याच्या पद्धतीने) तपासून जे कळते ते मात्र प्रथिनाबद्दल असते. म्हणून येथे ‘पेशींवर सीसीआर४ ग्राही आढळतो’ हे अधिक नेमके आहे.

उत्तर २ : सहमत आहे, परंतु नुसत्या ‘आढळतो’ने वाचकाचा एक गैरसमज होऊ शकतो, तो असा की हा ग्राही कर्करोगाचीच खूण आहे. सीसीआर४ निरोगी माणसाच्या त्वचेकडे जाणाऱ्या टी-पेशींवर आणि नियामक (प्रतिकारक्रियेला आवर घालणाऱ्या) टी-पेशींवरही असतो. त्वचेतील रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर सीसीएल१७ हे केमोकाइन असते आणि त्याच्या आधारे या पेशी रक्तातून त्वचेत शिरतात. लिम्फोमातील पेशी हीच मूळची क्षमता बाळगून असतात. त्यामुळे ‘किती पेशींवर’ आणि ‘किती दाट’ हे वाक्यात यायलाच हवे, असे माझे ठाम मत आहे. मोगाम्युलिझुमॅब हे सीसीआर४ला चिकटणारे प्रतिपिंड अमेरिकेत २०१८ मध्ये मायकोसिस फंगॉइडिस आणि सेझरी सिंड्रोम या त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमाच्या दोन प्रकारांच्या पूर्वी उपचार झालेल्या रुग्णांसाठी मंजूर झाले. ते दिल्यावर नियामक टी-पेशीही घटतात, आणि ग्राही केवळ रोगट पेशींवर असतो असे मानणाऱ्या वाचकाला हे कोडेच वाटेल. (मायकोसिस फंगॉइडिसचा बुरशीशी काही संबंध नाही, गाठी अळंब्यांसारख्या दिसल्याने ते नाव पडले. भाषांतरात ‘बुरशीजन्य’ असे लिहिल्यास अनर्थ होईल.)

उत्तर ३ : ‘होमिंग’साठी, म्हणजे पेशींनी ठरावीक अवयवाकडे जाण्यासाठी, येथे ‘त्वचागामी’ सुचवतो, कारण या दोन आजारांतला फरक त्याने नीट सांगता येतो. मायकोसिस फंगॉइडिसमधील पेशी प्रामुख्याने त्वचेत ठाण मांडणाऱ्या टी-पेशींसारख्या असतात. सेझरी सिंड्रोममधील पेशींवर सीसीआर४बरोबर सीसीआर७ही सामान्यतः आढळतो, आणि तो लसिकाग्रंथींकडे नेणारा ग्राही आहे. म्हणून त्या पेशी त्वचा, रक्त आणि लसिकाग्रंथी अशा तिन्ही ठिकाणी दिसतात. त्यांना केवळ ‘त्वचागामी’ म्हणणे अपुरे ठरेल.

प्रश्नकर्ता : केमोकाइनांच्या नावांतील ‘सीसी’ आणि ‘सीएक्ससी’ यांचा उलगडा लेखात करावा का?

उत्तर १ : एका वाक्यात करावा. केमोकाइनच्या साखळीतील पहिली दोन सिस्टीन लगत असली तर ‘सीसी’, आणि त्यांच्यामध्ये दुसरे एक अमिनो आम्ल असले तर ‘सीएक्ससी’. ‘आर’ म्हणजे ग्राही, ‘एल’ म्हणजे त्याला जोडले जाणारे केमोकाइन. दोन्हींचे क्रमांक स्वतंत्रपणे दिलेले असल्याने सीसीआर४ची जोडी सीसीएल४शी लावू नये.