मदत हवी आहे: दोन राउटरची तुलना, वेग, रेंज आणि डिस्कचे आकडे जुळत नाहीत

नमस्कार मंडळी,

दोन राउटर समोर आहेत आणि कुठला ठेवावा हे ठरत नाहीये. जुना वाय-फाय ५ चा, खोक्यावर एसी१२०० छापलेला, त्याला यूएसबी २.० पोर्ट. नवा वाय-फाय ६ चा, एएक्स३०००, यूएसबी ३.० वाला. नवा सरसच असणार म्हणून मोजल्याशिवाय बदलून टाकला असता, पण मोजायला बसलो आणि आकडे असे आले की जाणकारांना विचारल्याशिवाय पुढे जाववत नाही.

आधी गरज सांगतो. बायको आतल्या खोलीत बसून काम करते, दिवसभर तिच्या व्हिडिओ मीटिंग चालू असतात. राउटर हॉलमध्ये, मध्ये दोन भिंती. दुसरी गोष्ट, आईवडिलांचे जुने फोटो स्कॅन करून ठेवलेत, मुलांचे लहानपणापासूनचे व्हिडिओ आहेत, हे सगळं एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर आहे. ती राउटरला जोडून घरातल्या प्रत्येकाला आपापल्या फोनवर दिसावी अशी इच्छा आहे. आईला कुणाला हाक न मारता स्वतः जुने फोटो उघडून बघता आले पाहिजेत. माझ्यासाठी या सगळ्या खटाटोपात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मोजलं असं. इंटरनेटची स्पीड टेस्ट मुद्दाम वापरली नाही, कारण तिच्यात राउटरपेक्षा कनेक्शनचा प्लॅन आणि पलीकडचा सर्व्हरच मोजला जातो. राउटरला केबलने जोडलेल्या डेस्कटॉपवर आयपर्फ३ या घरातल्या घरात नेटवर्कचा वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमचा सर्व्हर चालू ठेवला आणि लॅपटॉप घेऊन खोल्याखोल्यांतून फिरलो. लॅपटॉप वाय-फाय ६ चा, दोन अँटेनांचा. प्रत्येक खोलीत ठरलेली एकच जागा, तेच स्टूल, झाकण तेवढंच उघडं. कारण लॅपटॉप नुसता वळवला तरी आकडा हलतो. दोन्ही राउटर आळीपाळीने एकाच फळीवर ठेवले, वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन बँडपैकी (रेडिओ पट्ट्यांपैकी) ५ चा निवडून. या वेळी डिस्क जोडलेली नव्हती.

जुना राउटर: हॉलमध्ये ९४ मेगाबिट, मधल्या खोलीत ९४, आतल्या खोलीत ८० च्या आसपास. नवा: हॉलमध्ये ८०० च्या पुढे, मधल्या खोलीत ४०० च्या घरात, आतल्या खोलीत १२० ते १३०. म्हणजे जुन्याचा वेग आतपर्यंत टिकतोय आणि नव्याचा धाडकन कोसळतोय. मग रेंज जुन्याची चांगली म्हणायची का?

डिस्क वेगळी मोजली, केबलवरच्या डेस्कटॉपवरून एक मोठी व्हिडिओ फाइल कॉपी करून. जुन्यावर सेकंदाला ११ मेगाबाइटच्या थोडं वर, आणि आलेख अगदी सपाट, पट्टीने रेघ ओढल्यासारखा. नव्यावर वाचताना ६० च्या आसपास, लिहिताना ३० ते ३५, आणि आलेख सारखा वरखाली. यूएसबी ३.० ची क्षमता ५ गिगाबिट असते, मग हे एवढंच का? फोटोंचं फोल्डर कॉपी केलं तर दोन्हीकडे गाडी रांगते.

सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट शेवटी लिहितो. नवा राउटर लावल्यापासून मीटिंगमध्ये बायकोला बाकीच्यांचं सगळं स्वच्छ ऐकू येतं, चित्र छान दिसतं, पण तिचा आवाज पलीकडे तुटक जातो. जुन्यावर असं कधी झालं नव्हतं. मोजताना तर आतल्या खोलीत नवाच पुढे होता! ती बिचारी प्रत्येक मीटिंगमध्ये "माझा आवाज येतोय ना?" विचारत बसते. तिचं काम अडतंय याचं मला फार वाईट वाटतं.

कृपया मार्गदर्शन करा. मोजण्याची पद्धत बरोबर आहे का, आणि हे आकडे वाचायचे कसे?

प्रतिसाद:

आधी दोन गोष्टी सांगा. मीटिंगच्या वेळी लॅपटॉप कुठल्या बँडवर असतो? दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल तर आतल्या खोलीत तो गुपचूप २.४ वर उडी मारतो. आणि त्या वेळी डिस्क राउटरला जोडलेली असते का?

धागाकर्ता:

हो, नाव एकच आहे. आत्ता जाऊन बघितलं, आतल्या खोलीत २.४ वरच आहे. डिस्क दिवसरात्र जोडलेलीच असते, राउटरला अगदी खेटून ठेवली आहे.

प्रतिसाद:

तुम्ही मोजलंय छान, इतक्या काळजीने फार कमी लोक मोजतात. पण आकडा नेहमी साखळीतल्या सगळ्यात अरुंद जागेचा येतो, त्यामुळे प्रत्येक आकड्याला "तू कुठे अडलास?" असं विचारावं लागतं.

जुन्याचे ९४ हे वाय-फायचे नाहीतच. त्या राउटरचे केबलचे पोर्ट १०० मेगाबिटचे आहेत. बऱ्याच एसी१२०० मध्ये तसेच असतात, खोक्यावर ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. १०० मधून पॅकेटचे हेडर वगैरे वजा केले की ९४-९५ उरतात. तुमचा डेस्कटॉप केबलवर, म्हणजे वाय-फायने कितीही आणून दिलं तरी पुढे दार तेवढंच. हॉलमध्ये आणि मधल्या खोलीत तुम्ही ते दार मोजलंत. आतल्या खोलीत वाय-फाय दाराहून अरुंद झालं, तेव्हा कुठे खरा आकडा दिसला. आता ९४ ला ८ ने भागा, साडेअकराच्या थोडं वर येतं. तुमच्या डिस्कचे सपाट ११ तिथूनच आले. डिस्क अडली, प्रोसेसर अडला की आलेख हलतो. पोर्ट अडला की रेघ सपाट येते. राउटरच्या स्टेटस पानावर पोर्टसमोर काय लिहिलंय ते बघून खात्री करून घ्या.

म्हणून रेंजची तुलना "किती टक्के घसरला" यावरून करू नका. आतल्या खोलीत ८० विरुद्ध १२०, एवढीच तुलना खरी, आणि तिथे नवा पुढे आहे. मात्र फार पुढे नाही, आणि नसणारच. राउटरने किती शक्तीने प्रक्षेपण करायचं यावर देशोदेशी कायद्याची मर्यादा असते. शिवाय संभाषण दुतर्फा असतं. राउटर कितीही जोरात ओरडला तरी फोनच्या चिमुकल्या अँटेनाचं उत्तर भिंतीपलीकडून त्याला ऐकू यायला हवं. खोक्यावरच्या ३००० चं म्हणाल तर ती २.४ चे ५७४ आणि ५ चे २४०२ यांची बेरीज आहे, वरच्या शतकात गोल केलेली. एसी१२०० म्हणजे तसेच ३०० अधिक ८६७. एक लॅपटॉप साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो, आणि त्या लिंक वेगाच्या निम्मा ते दोन तृतीयांश प्रत्यक्ष हाती लागला तर उत्तम समजावं.

नव्यावर ५ गिगाहर्ट्झची चॅनेल रुंदी १६० मेगाहर्ट्झ असेल तर ८० करून आतल्या खोलीत पुन्हा मोजा. रुंदी दुप्पट केली की तेवढीच शक्ती दुप्पट पट्ट्यावर पसरते, गोंगाटही दुप्पट गोळा होतो, म्हणजे ३ डेसिबलचा तोटा. जवळ फायदा, लांब नुकसान. आणि प्रत्येक जागी वेगाबरोबर सिग्नलही डीबीएममध्ये (सिग्नलच्या ताकदीचं एकक, उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला) लिहून ठेवा. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनघोर चालतो, उणे ७५ च्या खाली रडारड सुरू होते.

प्रतिसाद:

वरच्या प्रतिसादाला +१. आवाज का तुटतो ते मी सांगतो, कारण हे माझ्याही घरात झालं होतं.

दोषी तुमची डिस्क आहे. डिस्कमधलं काही बिघडलेलं नाही, तिचं राउटरला खेटून असणं नडतंय. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटच्या वाहतुकीतून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही येतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केलं होतं. हा गोंगाट राउटरच्या कानाशी होतो, लॅपटॉपच्या नाही. त्यामुळे राउटरचं बोलणं लॅपटॉपला नीट ऐकू जातं, पण आतल्या खोलीतून क्षीण होऊन आलेला लॅपटॉपचा आवाज राउटरला त्या कल्लोळात सापडत नाही. वहिनींना सगळं ऐकू येतं आणि त्यांचं मात्र तुटतं, ते यामुळेच.

खात्री करायची असेल तर आतल्या खोलीत २.४ वर आयपर्फ३ दोन्ही दिशांनी चालवा. नुसतं चालवलं की लॅपटॉपकडून सर्व्हरकडे, म्हणजे अपलोड मोजलं जातं. उलट दिशेचा पर्याय दिला की डाउनलोड. एकदा डिस्क जोडून, एकदा काढून. पटलं तर चांगल्या शील्डिंगची लांब केबल घेऊन डिस्क राउटरपासून दूर न्या. काही राउटरमध्ये यूएसबी पोर्ट २.० वर उतरवायची सेटिंग असते, तीही चालते, पण मग डिस्कचा वेग ३०-४० मेगाबाइटच्या पुढे जाणार नाही.

आता डिस्कचा वेग. ती एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फॉरमॅटची असणार. राउटर आतून लिनक्सवर चालतो आणि अनेक राउटरमध्ये एनटीएफएसचं काम कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेरचा प्रोग्रॅम करतो. डेटाच्या प्रत्येक तुकड्याला आतबाहेर फेऱ्या माराव्या लागतात आणि राउटरचा छोटासा प्रोसेसर त्यातच दमतो. कॉपी चालू असताना प्रोसेसरचा आलेख बघा, एक कोर शंभर टक्क्यांना टेकलेला दिसेल. लिनक्सच्या ५.१५ आवृत्तीत, २०२१ मध्ये, कर्नलमध्येच एनटीएफएसचा नवा ड्रायव्हर आला, पण राउटरचे फर्मवेअर सहसा त्याहून जुन्या कर्नलवर असतात. तुमचा राउटर ईएक्सटी४ हा लिनक्सचा फॉरमॅट चालवत असेल तर तो वापरून बघा, फरक लगेच जाणवेल. एक तोटा आहे, ती डिस्क काढून विंडोजला लावली तर थेट वाचता येणार नाही. आणि एफएटी३२ च्या वाटेला जाऊ नका, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, तुमचे व्हिडिओ अडतील.

फोटोंचं फोल्डर रांगतं ते वेगळ्या कारणाने. प्रत्येक छोट्या फाइलमागे उघडा, तपासा, लिहा, बंद करा अशी निरोपांची देवाणघेवाण होते. तिथे मेगाबिट कामाला येत नाहीत. फोटो एकदाच चढवायचे आहेत ना, रात्री केबलवरून लावून द्या. नंतर एकेक फोटो बघताना आईंना काही जाणवणार नाही.

फॉरमॅट करण्याआधी कळकळीची विनंती: त्या फोटोंची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर झाल्याशिवाय हात लावू नका. आणि नंतरही ती प्रत राउटरपासून वेगळी ठेवा. राउटरला लावलेली एकुलती एक डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे. मधेच वीज गेली, पोर्टला पुरेशी वीज देता आली नाही, एवढंही फाइल बिघडायला पुरतं. यूएसबी ३.० पोर्टने ९०० मिलिअँपिअर द्यायचे असतात. डिस्क फिरायला लागताना त्याहून जास्त मागत असेल तर ती अधूनमधून गायब होते. तसं दिसलं तर स्वतःचा अडॅप्टर असलेला हब लावा.

प्रतिसाद:

थोडं अवांतर. जुन्या राउटरवर फाइल शेअरिंग फक्त एसएमबी १ वर चालत असेल तर त्याला डिस्क मुळीच जोडू नका. २०१७ मधलं वॉनाक्राय हे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर त्याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या छिद्रातून पसरलं होतं. नव्यावरही "इंटरनेटवरून डिस्क उघडा" हा पर्याय बंदच ठेवा.

धागाकर्ता:

मंडळी, मनापासून आभार. जुन्याच्या स्टेटस पानावर खरंच १०० लिहिलंय. डिस्क मीटरभर लांबीच्या केबलने खालच्या कप्प्यात नेली. आधी मोजलं तेव्हा आतल्या खोलीत २.४ वर डाउनलोड ५० च्या वर आणि अपलोड जेमतेम ३, तेही थांबत थांबत. डिस्क हलवल्यावर अपलोड ४० च्या जवळ. आज बायकोची सकाळची मीटिंग मी दाराबाहेर उभं राहून ऐकली, तिने एकदाही "आवाज येतोय ना?" विचारलं नाही!

ईएक्सटी४ चं काम दुसरी डिस्क आल्यावरच करणार, आधी प्रत. आता एकच शंका. आतल्या खोलीत अजून जोर हवा असेल तर रिपीटर घ्यावा का? हॉलमधून तिथपर्यंत भिंतीतून एक रिकामा पाइप गेलेला आहे.

प्रतिसाद:

पाइप आहे तर रिपीटर कशाला? साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, वेग निम्मा तिथेच जातो. पाइपातून केबल ओढा आणि जुना राउटर आतल्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे केबलने आलेलं नेटवर्क नुसतं वाय-फायवर देण्यासाठी लावा. त्याचे ९४ मेगाबिट मीटिंगला रग्गड झाले, चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार पुरतात.

त्यात ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की झालं. नसेल तर आधी त्याचा आयपी पत्ता बदलून नव्याच्या रांगेतला पण वेगळा द्या, मग त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा, आणि केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमध्ये न घालता लॅन पोर्टमध्ये घाला. वाय-फायचं नाव आणि पासवर्ड नव्यासारखाच. २.४ ची चॅनेल मात्र वेगळी ठेवा, एकाला १ तर दुसऱ्याला ६ किंवा ११. जुन्याचा यूएसबी पोर्ट रिकामाच राहू दे.