मदत हवी आहे: दोनदा परत नांदायला गेले, आता क्रूरतेच्या कारणावर घटस्फोट मिळेल का?

नमस्कार. आयडी मुद्दाम नवा काढला आहे, समजून घ्या.

लग्नाला ९ वर्षं झाली, मुलगी ७ वर्षांची. गेले चार महिने आम्ही दोघी माहेरी आहोत. अंगावर हात एकदाच आला, मनगट पिरगळलं. डॉक्टरकडे गेले नाही, त्यामुळे कागद नाही. बाकी सगळं न दिसणारं. माझ्या पगाराचं एटीएम कार्ड त्यांच्या पाकिटात. रोज रात्री माझा फोन तपासणं. आणि अबोला, एकदा सलग २३ दिवस. तेव्हा निरोप लेकीमार्फत यायचे. मी ताट घेऊन समोर उभी, आणि हे तिला म्हणणार, "आईला सांग, वाढ म्हणावं." एकदा ती माझ्याकडे वळायच्या आत मी ताट ठेवलं, तर त्यांच्याकडे बघून म्हणाली, "बाबा, आईने ऐकलं."

आधी दोनदा घर सोडलं, दोन्ही वेळा परत गेले. दुसऱ्यांदा तर मामांनी बैठक बसवली होती. आता त्यांच्या वकिलाची नोटीस आली आहे: राजीखुशीने परत आली, म्हणजे छळ नव्हताच. सहमतीने घटस्फोट द्यायला तयार आहेत, पण मुलगी त्यांना द्यायची.

परत जाणं मला भोवेल का? पाच वर्षांनंतर मूल वडिलांकडे जातं, हे खरं का? आणि लेकीला साक्षीला उभं करतील का? झोप उडाली आहे ती या शेवटच्या प्रश्नाने.

प्रतिसाद १

ताई, मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. परत गेलात हा मुद्दा हलका नाही. १९७५ च्या दास्ताने खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बायकोची क्रूरता मान्य केली, पण त्यानंतरही संसार चालू ठेवला म्हणजे नवऱ्याने ती माफ केली, असं धरून त्याची मागणी फेटाळली. मात्र त्याच निकालात हेही आहे की अशी माफी सशर्त असते. पुन्हा तसंच वागलं की जुनं उकरता येतं. म्हणून दुसऱ्यांदा परत गेल्यावर काय काय घडलं ते तारखांनिशी लिहून काढा. तुमची केस तिथेच उभी राहील किंवा पडेल. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही, मानसिक छळही क्रूरतेत येतो.

पाच वर्षांचं म्हणाल, तर १९५६ च्या पालकत्व कायद्यात पाचाच्या आतलं मूल सहसा आईकडे असावं एवढंच आहे. पुढे आपोआप वडिलांकडे, असं कुठेही नाही. मुलाचं हित सर्वात वर. मुलीशी बोलायचंच ठरलं तर न्यायाधीश बहुधा आपल्या दालनात बोलतात, पिंजऱ्यात उभं करत नाहीत. तिला पढवू मात्र नका, लगेच कळतं.

अर्ज तुम्ही राहता तिथल्या न्यायालयात करता येतो. सोबतच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली ताब्यासाठी अंतरिम अर्ज द्या. वकिलाची फी झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, नंबर १५१००. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

प्रतिसाद २

यातून गेले आहे म्हणून सांगते, कितीही राग असला तरी लेकीचा बाबांशी फोन बंद करू नका. मी केला होता. पुढच्या तारखेला पहिला प्रश्न त्याचाच आला, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धागाकर्ती

दोघींचे आभार. फोन आजपासून रोज संध्याकाळी, ती म्हणेल तितका वेळ.

काल बँकेचे मेसेज चाळले. दुसऱ्यांदा परत गेले त्याच्या आठव्या दिवशी दुपारी माझ्या खात्यातून एटीएमने पैसे निघालेत. मी तेव्हा ऑफिसात होते, हजेरीची नोंद आहे. म्हणजे कार्ड माझ्याकडे नव्हतंच. याचा काही उपयोग होईल का? आणि बँकेकडून शिक्का मारलेलं स्टेटमेंट घ्यावं लागेल का?