मदत हवी आहे : पहिला गुण गेला की पोराचं अवसान गळतं

नमस्कार मंडळी. आम्ही कराडजवळचे. मुलगा 14 वर्षांचा, तीन वर्षं कुस्तीच्या तालमीत जातोय. पहाटे पाचला स्वतः उठतो, जोर-बैठका चुकवत नाही, सरावात मोठ्या पोरांनाही एकेरी पट काढून (एक पाय धरून) खाली घेतो. अडचण स्पर्धेत येते.

गेल्या महिन्यात मॅटवर पहिले दोन गुण गेले आणि त्याची नजर समोरच्याच्या कमरेवरून उठून गुणफलकावर गेली. ती परत आलीच नाही. दोन फेऱ्यांमधल्या 30 सेकंदांच्या विश्रांतीत वस्ताद काय सांगत होते, तेही त्याला आठवत नाही. लढत संपल्यावर हात धरला, तर बोटं गार पडलेली.

वस्तादांच्या सांगण्यावरून आता सरावातली कुस्तीच 0-4 अशा पिछाडीवर सुरू करतात. थोडा फरक वाटतोय. श्वासावर लक्ष ठेवणं मात्र घरी जमतं, गर्दीत नाही.

आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 ला लंडनमध्ये सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. मधली चार वर्षं त्यांनी मन कसं टिकवलं असेल, याचा मी फार विचार करतो. पोरालाही सांगतो, पण नुसतं ऐकून पाय घट्ट रोवले जात नाहीत.

कुस्ती, ज्युदो, कराटे खेळलेल्यांनी कृपया सांगा, गुण गेल्यावर पुढच्या पाच सेकंदांत तुम्ही नेमकं काय करायचात? आणि बाप म्हणून मी बाहेरून ओरडावं की गप्प बसावं? पुढची स्पर्धा 15 दिवसांवर आलीय.