मदत हवी आहे : गोल्फमध्ये मॅटवर बॉल नीट लागतो, गवतावर का नाही?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. सोयाबीन निघाल्यापासून रानात मॅट (नकली गवताची चटई) टाकून रोज सकाळी सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) 50 बॉल मारतो. सरळ जातात. पण पुण्यात मित्रांसोबत नऊ होल खेळायला गेलो की क्लब बॉलच्या आधीच जमिनीत रुततो. फार जिवाला लागतं हो.

मला वाटतं, मॅटवर क्लब घसरून पुढं जातो, त्यामुळं चूक झाकली जाते; गवतात ती लगेच उघडी पडते. मातीवर सराव करावा तर आमची काळी जमीन वाळली की दगडच, मनगट दुखतं. एखादा वाफा भिजवून, वाफसा आल्यावर त्यावर मारलं तर जमेल का? आधी बॉल, मग जमीन, हे अंगवळणी पाडायला तुम्ही काय केलं? इथं शिकवणारं कुणी नाही.