मदत हवी आहे : वर्गातील चिडवाचिडवीवर साहसकथा सुचवा

मृगजळ_०७ :
नमस्कार. वर्गातील चिडवाचिडवी आणि आपल्याहून वेगळ्या मुलाला सामावून घेणे हा विषय असलेली मराठी साहसकथा तातडीने हवी आहे. शनिवारी वर्गशिक्षिकांनी भेटायला बोलावले आहे, त्याआधी मुलाबरोबर एखादे पुस्तक वाचून व्हावे अशी इच्छा आहे. बोधकथा नकोत, शेवटी ‘तात्पर्य’ दिसले की तो पुस्तक मिटून ठेवतो. कृपया नेमके नाव सांगावे.

जुना_वाचक :
फास्टर फेणे. दुसरे नाव घेण्याचे कारणच नाही. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो, अंगाने काडीपहिलवान, पण ‘ट्टॉक’ केले की भल्याभल्यांना भारी पडतो. वसतिगृहात मला माझ्या कानांवरून ‘सुपडं’ म्हणत. ते दिवस मी फेण्याच्या जोरावर काढले. २०१७ चा चित्रपट मात्र दाखवू नका, त्यातला फेणे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला आलेला तरुण आहे.

शाई_आणि_टाक :
मुलगा कितवीत आहे, स्वतः वाचतो की वाचून दाखवावे लागते, आणि नेमके काय घडले आहे, हे कळल्याशिवाय पुस्तक सुचवणे म्हणजे माप न घेता सदरा शिवणे होय. जुना_वाचक, फेणे मलाही प्रिय आहे, पण त्याची गाठ चोर आणि लबाडांशी पडते. बाकावर शेजारी बसणाऱ्याशी कसे वागायचे, हा त्या पुस्तकांचा विषय नव्हे.

कलम_दर_कलम :
पुस्तके नंतर पाहता येतील, आधी शाळेला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार बालकाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. बालकांसाठी १०९८ ही मदतवाहिनीही आहे. आपल्या मुलाने गप्प बसून सोसू नये.

मृगजळ_०७ :
मुलगा पाचवीत आहे, मराठी माध्यमात, नाशिकला, स्वतः वाचतो. परंतु आपण सर्वांनी एक गोष्ट परस्पर गृहीत धरली आहे. सोसणारा मुलगा माझा नाही. चिडवणारा माझा आहे. वर्गशिक्षिकांनी बोलावले म्हटल्यावर ते उघड आहे, असे मला वाटले होते. साक्रीकडून आलेला एक नवा मुलगा पहिल्याच आठवड्यात बाईंना खान्देशातल्या अहिराणी बोलीत ‘मन्हं दप्तर घर शे’ (माझे दप्तर घरी आहे) असे म्हणाला, आणि तेव्हापासून माझ्या चिरंजीवांनी त्याचे नाव ‘शेशे’ ठेवले. आता अर्धा वर्ग त्याला त्याच नावाने हाक मारतो आणि तो मुलगा वर्गात तोंडच उघडत नाही.

जुना_वाचक :
मग तर फेणे हवाच! खेड्यातून आलेला मुलगा काय करू शकतो, हे त्याला कळेल.

शाई_आणि_टाक :
नाही कळणार. आपला मुलगा ते वाचताना स्वतःला फेणेच समजेल. चिडवणारे मूल गोष्टीतल्या दुष्टाच्या जागी स्वतःला कधीच पाहत नाही, आणि बहुतेक साहसकथा तिथेच कुचकामी ठरतात. म्हणून जिचा नायक सोसणाराही नाही आणि सूड घेणाराही नाही, अशी गोष्ट द्या. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ घ्या, त्याच नावाच्या शाळकरी मुलीची गोष्ट. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. सगळे पुस्तक आत्ताच वाचायला नको, झाडावर चढण्याचे प्रकरण आधी काढा. तिच्या वर्गातल्या यासुआकी-चानला पोलिओ झालेला असतो, त्याने झाड म्हणून कधी चढलेले नसते. तोत्तोचान घरी खोटे सांगून निघते, शिडी लावते, पण त्याला पहिली पायरीही चढता येत नाही. मग ती घोडा, म्हणजे आधाराशिवाय उभी राहणारी दुपाखी शिडी, ओढत आणते, त्याचा एकेक पाय उचलून पायरीवर ठेवते आणि शेवटी वरून त्याला फांदीवर ओढून घेते. एवढा थरार पाचवीला पुरतो. त्याच पुस्तकात क्रीडादिनाचे प्रकरणही आहे : मुख्याध्यापक कोबायाशी शर्यती अशा योजतात की हातपाय आखूड राहिलेला ताकाहाशीच सगळ्यांत पहिला येतो, आणि बक्षीस म्हणून भाजी मिळते. एक सूचना : यासुआकी-चान पुढे वारतो, तेव्हा ते प्रकरण एकट्याने वाचू देऊ नका.

तापीकाठ :
जपानपर्यंत कशाला जायचे? घरात बहिणाबाई मोठ्याने वाचा, अहिराणीची चेष्टा आपोआप थांबेल.

शाई_आणि_टाक :
बहिणाबाईंची भाषा लेवा गणबोली, अहिराणी नव्हे. आणि त्यांनी साहसकथा विचारली आहे.

तापीकाठ :
खान्देशाबाहेरच्यांनी आम्हाला आमच्या बोली शिकवाव्यात, हेही एक नवलच.

मृगजळ_०७ :
आभार. ‘तोत्तोचान’ वाचनालयात मिळाले. काल रात्री झाडाचे प्रकरण वाचले. शिडी डुगडुगते तिथे तो उठून बसला आणि म्हणाला, “आधीच घोडा आणायला पाहिजे होता.” दिवा मालवल्यावर बऱ्याच वेळाने त्याने विचारले, “तो पडला असता तर बाई कोणाला ओरडल्या असत्या?” ‘शेशे’चा विषय त्याने काढला नाही आणि मीही काढला नाही. आज रात्री क्रीडादिनाचे प्रकरण घेणार आहे. फेणे दिवाळीच्या सुट्टीत.