नॅस (नेटवर्कला जोडायचा डिस्कचा डबा) घ्यायचाय: दोन डिस्कचा की चार डिस्कचा? (लग्नाचं एडिटिंग, घरूनच)

प्रश्न – कोपरी, ठाणे पूर्व

नमस्कार मंडळी. मी आणि माझा धाकटा भाऊ लग्नाचे व्हिडिओ करतो. शूटिंग त्याचं, एडिटिंगला दोघंही बसतो, मी हॉलमध्ये, तो आतल्या खोलीत. दोन कॅमेरे, फोरके, सेकंदाला १०० मेगाबिटवर. एका कॅमेऱ्याचे तासाला ४५ जीबी. हळद, लग्न, रिसेप्शन धरून एका लग्नाचे ३०० जीबी सहज होतात, आणि वर्षाला पंचवीसेक लग्नं.

आजवर एकच एक्स्टर्नल डिस्क हॉलमधून आत, आतून हॉलमध्ये फिरायची. मे महिन्यात केर काढताना वायरीत झाडू अडकला आणि ती टेबलावरून पडली. परत लावली तर आतून नुसती टिकटिक. कार्डं तोवर फॉरमॅट झाली होती. दुसऱ्या कॅमेऱ्याचं शूटिंग लॅपटॉपवर होतं म्हणून लग्न तरी उभं राहिलं, पण अंतरपाट दूर झाला तेव्हाचा मुलीचा चेहरा फक्त त्या डिस्कवर होता. तिच्या बाबांना फोन मीच केला. ते रागावले नाहीत. "बरं" म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. असा फोन मला पुन्हा करायचा नाहीये.

आता मैत्रिणीचा दोन डिस्कचा नॅस आठवडाभर आणून राउटरला जोडलाय. कॉपी सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही आणि टाइमलाइनवर दोन कॅमेरे एकत्र लावले की अडकतं. दुकानदार म्हणतो, दहा गिगाबिटचाच घ्या. ते बजेटच्या फार बाहेर जातंय. खरंच लागेल का?

घणसोली

ताई, वायफायवर आहे का? तसं असेल तर आधी केबल लावा.

कोपरी

नाही, दोन्ही कॉम्प्युटर केबलनेच आहेत.

ऐरोली

ताई, तुमचा तो ११ चा आकडाच सगळं सांगतोय. १०० मेगाबिट भागिले ८ म्हणजे साडेबारा एमबी, त्यातून थोडी गळती गेली की ११ उरतात. म्हणजे वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा सांधा आहे. इंटरनेटवाल्यांनी बसवलेल्या जुन्या राउटरचे पोर्ट बऱ्याचदा तेवढेच असतात. केबलच्या आठ तारांपैकी एखादी तुटली तरी वेग तिथेच उतरतो. दहा गिगाबिटचा नॅस आणलात तरी याच सांध्यातून ११ च मिळतील.

गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडायचा डबा, १००० मेगाबिटचा) आणा, नॅस आणि दोन्ही कॉम्प्युटर त्यातच जोडा. ११० च्या आसपास यायला हवं. तुम्ही दोघं दोन-दोन कॅमेरे लावून बसलात तरी गरज ५० एमबीची आहे. प्रोरेस ४२२ एचक्यू (कमी दाबलेला, जड फाइलींचा व्हिडिओ फॉरमॅट) वापरायला लागलात तर गोष्ट वेगळी. फोरकेला २५ फ्रेमवर एकाच स्ट्रीमला ९० एमबीच्या वर लागतात, दुसऱ्याला जागाच उरत नाही. म्हणून अडीच गिगाबिटचा पोर्ट असलेला नॅस बघा, तेवढं पुरे. फक्त तो वेग हवा झाला तर स्विचलाही अडीच गिगाबिटचा पोर्ट लागेल.

अडकणं मात्र त्यानंतरही थोडं राहील. एच २६४ (कॅमेऱ्याचा दाबून ठेवलेला व्हिडिओ) उलगडताना कॉम्प्युटरचा घाम निघतो, त्यात नॅसचा दोष नाही. प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती) बनवा. प्रॉक्सी आणि कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) आपापल्या एसएसडीवर, मूळ फुटेज नॅसवर.

चार डिस्कचाच घ्या. ४ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (एका डिस्कएवढी जागा राखून, एक डिस्क गेली तरी डेटा राहील अशा जोडणीत) लावल्या की १२ टीबी मिळतात, तुमचं वर्ष निघतं. डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे का ते विचाराच. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क स्वस्त पडते, पण एक डिस्क गेल्यावर नवी भरून घेताना फार रखडते. सीगेटच्या आयर्नवुल्फ किंवा डब्ल्यूडीच्या रेड प्लस डिस्क चालतील.

वाशी

वरचं सगळं पटलं. फक्त रेडला बॅकअप समजू नका. एक डिस्क गेली तर रेड सावरून घेतं. चुकून फोल्डर डिलीट झालं तर ते सगळ्या डिस्कवरून एकदमच जातं. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर आणि ती डिस्क घराबाहेर. शिवाय यूपीएस. त्याची यूएसबी वायर नॅसला जोडली की वीज गेल्यावर नॅस स्वतःच नीट बंद होतो.

कोपरी

ऐरोलीकर दादा, मनापासून आभार! राउटर उलटा करून बघितला, सगळे पोर्ट १०० चेच. आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणला. माझ्याकडे लगेच १०९. भावाकडे मात्र ११ च. शेवटी केबल हाताने चाचपत गेलो, तर आतल्या खोलीच्या उंबऱ्यापाशी ती दाराखाली रोज चेपून चपटी झाली होती. नवी केबल भिंतीवरून नेली, आता त्यालाही १०८ येतात.

चार डिस्कचा, अडीच गिगाबिटचा ठरवलाय. यूपीएसही सोबतच घेतेय. आणि नियम केलाय: नॅसवर आणि वेगळ्या डिस्कवर अशा दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. ती डिस्क दर रविवारी डोंबिवलीला मावशीच्या कपाटात. मावशीने साड्यांचा एक कप्पा रिकामा करून दिलाय.