फिरतं रूट्स म्युझिक प्रदर्शन: छोट्या गावाच्या पदरात नक्की काय पडतं?

मक्याचं_शेत

मी राहते ते अमेरिकेच्या मिडवेस्टमधलं आठेक हजार वस्तीचं गाव. एक मेन स्ट्रीट, दोन सिग्नल आणि चारही बाजूंना मका. काही वर्षांपूर्वी आमच्या लायब्ररीत स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय-संस्थेचं 'न्यू हार्मनीज' हे फिरतं प्रदर्शन आलं होतं, अमेरिकन रूट्स म्युझिकवरचं, म्हणजे ब्लूज, कंट्री, गॉस्पेल, झायडेको (लुईझियानातल्या क्रिओल लोकांचं), तेहानो (टेक्सासमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचं), पोल्का सगळं. त्यांचा 'म्युझियम ऑन मेन स्ट्रीट' हा उपक्रम १९९४ पासून चालू आहे, राज्यांच्या ह्युमॅनिटीज कौन्सिलच्या, म्हणजे इतिहास-संस्कृतीच्या कार्यक्रमांना मदत करणाऱ्या संस्थांच्या साथीने. मोठमोठ्या पेट्यांतून पॅनल्स येतात, गावातले लोकच ती उभी करतात, साधारण दीड महिना मुक्काम आणि मग पुढचं गाव. परवा एकाने माझ्याशी बोलताना याला सरळ उधळपट्टी म्हटलं, ते डोक्यातून जाईना म्हणून हा धागा.

माझं मत असं की पॅनल्स हे निमित्त असतं. लायब्ररीने गावाला सांगितलं होतं की माळ्यावर काही जुनं असेल तर घेऊन या. एक सत्तरीच्या बाई आजोबांची कॉन्सर्टिना, म्हणजे हातात धरून वाजवायचं भात्याचं वाद्य, घेऊन आल्या. भाता दोन ठिकाणी कापडी पट्टीने चिकटवलेला, आणि बटणं सगळी नाही, मोजकी चार-पाचच झिजून गुळगुळीत झालेली, म्हणजे आजोबा कुठल्या सुरात जास्त वाजवायचे ते बघूनच कळत होतं. पेटीच्या झाकणात पेन्सिलीने नाचाच्या रात्रींची यादी, तारीख आणि मिळालेले डॉलर. त्यातला एक हॉल म्हणजे आता जिथे टायरचं दुकान आहे ती जागा, हे तिथे उभ्या असलेल्या दुसऱ्या आजींनी सांगितलं कारण त्या तिथे नाचल्या होत्या. बाहेरून कोणी मोठं येतंय म्हटल्याशिवाय ती पेटी माळ्यावरून खाली आली असती का? मला नाही वाटत.

निषाद

छान लिहिलंय पण पटलं नाही. प्रदर्शन गेल्यावर ती कॉन्सर्टिना परत माळ्यावरच गेली ना?

संगीत काचेआड ठेवायची वस्तू नाही आणि हेडफोन लावून तीस सेकंद ऐकायचीही नाही. अमेरिकेच्या दक्षिणेत शेप-नोट गायन चालतं. त्यात सूर आकारांनी लिहितात, त्रिकोण म्हणजे फा, गोल सोल, चौकोन ला, पतंगासारखा आकार मी. गाणारे चौकोन करून आत तोंड करून बसतात, चारी बाजूंना चार आवाज, मधे उभा राहून एकजण हात वरखाली करतो, आणि प्रेक्षक नसतातच. मी एकदा अलाबामात त्या चौकोनात बसलोय, गाणं येत नव्हतं तरी शेजारच्या माणसाने पुस्तकावर बोट ठेवून चालवलं. जे संगीत ऐकणाऱ्यासाठी बनलेलंच नाही त्याचं पॅनल काय लावणार? आमच्या भागातल्या एका शाळेत बँडच्या शिक्षकाची जागा काढून टाकली आणि त्याच वर्षी संगीतवारशाचे कार्यक्रम झाले, तेव्हापासून मला हे सगळं टोचतं. पैसे शिक्षकाला द्या.

कोयनाकाठ

माझा आक्षेप वेगळा आहे, नावावरच. 'हार्मनीज' म्हटलं की सगळे गुण्यागोविंदाने गात होते असं वाटतं. १९२० च्या दशकात रेकॉर्ड कंपन्यांनी एकाच दक्षिणेतलं संगीत दोन कप्प्यांत विकलं, काळ्यांचं ते 'रेस रेकॉर्ड्स' आणि गोऱ्यांचं ते 'हिलबिली', प्रत्यक्षात वाजवणारे एकमेकांचं उचलत होते तरी. १९२७ ला टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टलमध्ये राल्फ पीअर या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स रेकॉर्ड केले, तिथून कंट्रीची गोष्ट सांगायची पद्धत आहे. पुढे ए. पी. कार्टर गाणी गोळा करत फिरायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल नावाचा काळा गिटारवादक असायचा. कार्टर शब्द लिहून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात ठेवायचा. गाण्यांवर नाव मात्र कार्टरचं, आणि प्रकाशनहक्कांवर पैसा कमावला पीअरने. हे पॅनलवर मोठ्या अक्षरात येणार नसेल तर गावोगावी काय फिरवताय?

अनया_पुणे

बँजो मुळात आफ्रिकन असं कुठेतरी वाचलं, म्हणजे आपल्या गणपतीतल्या बँजो पार्टीतला तोच का?

कोयनाकाठ

@अनया_पुणे नाही, आपल्याकडे बँजो म्हणतात ते बुलबुलतरंग, जपानी ताइशोगोतोवरून आलेलं, टाइपरायटरसारखी बटणं असतात ते. अमेरिकन बँजोचं मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या भोपळ्याच्या, वर कातडं ताणलेल्या तंतुवाद्यांत. गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनी कॅरिबियनमध्ये आणि अमेरिकेत ते पुन्हा घडवलं. आणि आज बँजो म्हटलं की डोळ्यासमोर ब्लूग्रास हा कंट्रीचा प्रकार वाजवणारा गोरा माणूस येतो, माझा राग नेमका इथे आहे.

लुईझियाना_डायरी

कोयनाकाठ, पण हेच तर गावात सांगायला हवं ना! शहरातल्या माणसाला हे दहा ठिकाणी कळेल. मी एका छोट्या म्युझियममध्ये काम करते, आमच्याकडे शाळेची मुलं फ्रोट्वार बघतात, तो खांद्यावरून छातीवर लटकवायचा पन्हाळी पत्रा, चमचे किंवा बाटलीचे ओपनर घासून वाजवायचा. क्लिफ्टन शेनियेने धुणं घासायच्या फळीवरून तो करवून घेतला. झायडेको हा शब्द फ्रेंच 'ले-झारिको' म्हणजे शेंगांवरून आला असं म्हणतात. एवढं सांगितलं की मुलं घरी जाऊन आजीला क्रिओल शब्द विचारतात, दुसऱ्या दिवशी येऊन आम्हाला सांगतात.

आणि निषाद, शिक्षकाचा पैसा आणि हा पैसा एका खिशातला नसतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राने राज्यांच्या ह्युमॅनिटीज कौन्सिलची अनुदानं एका फटक्यात रद्द केली, मेलन फाउंडेशनने ५६ कौन्सिलना मिळून दीड कोटी डॉलरची तातडीची मदत दिली तेव्हा जरा श्वास घेता आला. त्या कपातीमुळे एकाही शाळेत बँडचा शिक्षक परत आल्याचं मी तरी ऐकलं नाही. छोट्या गावात अशी गोष्ट बंद पडली की तिच्या जागी दुसरं काही येत नाही हो.

निषाद

खिसे वेगळे, मान्य. पण मनातली जागा एकच असते. प्रदर्शन झालं की कौन्सिल, शाळा, नगरपालिका सगळ्यांना वाटतं आपण संगीतासाठी केलं. उद्घाटनाला जे वाजवतात त्यांना मानधन मिळतं का, एवढंच सांगा.

मक्याचं_शेत

@निषाद खरं सांगते, आमच्याकडे नाही मिळालं. पोल्का वाजवणारे तिघे शेजारच्या गावातून पेट्रोल जाळून आले, दोन तास वाजवलं, आम्ही त्यांना कॅसरोल आणि पाय (pie) खाऊ घातला. तेव्हा मला त्यात काही चुकतंय असं वाटलंही नाही, तुमचं वाचून आज वाटलं. झाकणातल्या यादीत त्या आजोबांना प्रत्येक रात्रीचे पैसे मिळाल्याची नोंद आहे आणि आम्ही त्या यादीशेजारी उभं राहून फुकट वाजवून घेतलं.

@कोयनाकाठ बँजो आफ्रिकेतून आला हे प्रदर्शनात होतं, रिडल वाचल्याचं मला आठवत नाही. पण प्रदर्शनातल्या आमच्या गावाच्या कोपऱ्यात काय मांडायचं ते आम्ही ठरवलं होतं, आणि रेल्वेच्या कामासाठी आलेली काळी आणि मेक्सिकन कुटुंबं त्यात नव्हती, कारण आम्ही त्यांच्या दारी गेलोच नाही, जे स्वतः आले त्यांचंच घेतलं. ती चूक स्मिथसोनियनची नाही, आमची आहे.

तरी ते प्रदर्शन आलंच नसतं तर बरं असं मी म्हणणार नाही. कॉन्सर्टिना माळ्यावर गेली नाही, त्या बाईंच्या नातवाने भाता दुरुस्तीला दिला, वाजवता येत नाही अजून. आता लायब्ररीत पुढच्या फिरत्या प्रदर्शनासाठी अर्ज करायचं चाललंय, मी सोमवारच्या मीटिंगला जाणार आहे. वादकांचं मानधन बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहायचं आणि रुळांपलीकडच्या चर्चमध्ये आधी जायचं, हे दोन मुद्दे मांडते.

निषाद

सोमवारी काय झालं ते इथे लिहा. आणि त्या नातवाला शिकवणारं कोणी मिळतंय का तेही विचारा.